पिवळ्या पानाचे वैद्य

जगात पिवळ्या पानाला मान दोनच ठिकाणी आहे. एक विड्याच्या तबकात आणि दुसरा आमच्या हिंगोली जिल्ह्यात. तबकातलं पान चांगलं पिकलेलं निघालं की खाणाऱ्याचे डोळे मिटतात. आणि वसमत-औंढ्याच्या शिवारात हळदीची पानं पिवळी पडून माना टाकायला लागली की शेतकऱ्याचे डोळे उघडतात. हळद तयार झाल्याची ती खूण! मग पाला कापा, हळद खणा, शिजवा, वाळवा, ढोलात घालून तिला चकाकी आणा आणि मोंढ्यात घेऊन जा. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. तेव्हा बाकीच्या जगात पिवळं पान हे दुखणं असेल; आमच्याकडे ते उत्पन्न आहे.

अशा मुलखात एखाद्याच्या झाडाची पानं अवेळी पिवळी पडली तर त्याला सहानुभूती मिळत नाही. आमच्या गच्चीवरच्या कुंडीतलं झाड पिवळं पडलं तेव्हा "काय भावानं जाईल?" असं मला तिघांनी विचारलं. चौथ्याने तर "काढणीला आलं म्हणा की!" असं अभिनंदनच केलं. मी त्याला सांगितलं, की बाबा रे, ही हळद नव्हे, हा ॲव्होकॅडो आहे. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "अवकाळी? मग बरोबर आहे. अवकाळीनं आमचीबी पानं अशीच केली."

त्या दिवसापासून आमच्या घरात त्या झाडाचं नाव 'अवकाळी' पडलं. नाव अगदी चपखल. बेंगळुरूला नोकरी करणाऱ्या भाच्याने ते रोप मांडीवर धरून आगगाडीतून आणलं होतं. मामाने इतकी वर्षं शाळेत इतिहास शिकवला, आता निवृत्तीनंतर त्याला काहीतरी जिवंत विषय असावा, असा त्याचा उदात्त हेतू.

हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. तिथल्या डोंगरउतारावर पायाखाली पालापाचोळ्याची गादी, डोक्यावर धुकं आणि वर्षभर सावली, अशा थाटात ते वाढलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात ते आपल्याकडे आलं आणि शहाण्यासारखं कूर्ग, निलगिरी, पळणीचे डोंगर, वायनाड, सिक्कीम असल्या थंड हवेच्या ठिकाणी मुक्काम ठोकून बसलं. या यादीत हिंगोलीचं नाव नाही. मे महिन्यात आमच्या गच्चीवर दुपारी जो माणूस अनवाणी जाईल तो पुन्हा त्या यादीत हिंगोलीचं नाव घालायला सांगणार नाही.

त्यातून या झाडाचं कुळ पाहिलंत तर अगदी आपल्या स्वयंपाकघरातलं. दालचिनी आणि तमालपत्र ही याची चुलतभावंडं. म्हणजे पुलावाच्या पातेल्यात जे पाहुणे नेहमी भेटतात, त्यांचाच हा परदेशात वाढलेला नातलग. मुळं मात्र फार नाजूक. वरच्या वर पसरतात आणि पाण्याइतकीच त्यांना हवाही लागते. आणि बसवलं कशात, तर आमच्या काळ्या मातीत! ती माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चप्पल धरून ठेवते. ओली झाली की तिच्यात मुळाला श्वास घ्यायला फट राहत नाही.

तर पहिल्याच उन्हाळ्यात अवकाळीची पानं बिघडली. काही पिवळी पडली, काहींची टोकं जळाल्यासारखी तपकिरी झाली आणि जी शिल्लक राहिली ती खाली मान घालून बसली. बातमी गल्लीत पसरली आणि वैद्य यायला लागले.

पहिले आले शेजारचे निवृत्त तहसीलदार. त्यांनी झाडाभोवती एक फेरी मारली, जागेची पाहणी केली आणि निकाल दिला : "पाणीटंचाई!" माणसाने सबंध नोकरी टँकर मंजूर करण्यात घालवली असली की त्याला प्रत्येक सुकलेल्या गोष्टीत टंचाईच दिसते. ते नुसतं बोलून थांबले नाहीत. रोज सकाळी फिरून येताना ते आमच्या गच्चीवर यायचे आणि स्वतःच्या हाताने दोन बादल्या ओतून जायचे. शेजारधर्म म्हणतात तो हा. तो नाकारता येत नाही.

दुसरा नंबर आईचा. तिच्या मते झाडाला दृष्ट लागली होती. "एवढं तजेलदार पान, आणि ठेवलंत अगदी रस्त्यावरून दिसेल असं!" तिने मीठमोहऱ्या उतरवल्या आणि खोडाला काळा दोरा बांधला.

तिसरे तज्ज्ञ म्हणजे बाजारातल्या एका कृषी सेवा केंद्राचे मालक. त्यांनी मी नेलेलं पान हातातसुद्धा घेतलं नाही. मागे वळून फळीवरच्या तीन बाटल्या काढल्या : एक किडीची, एक बुरशीची आणि एक टॉनिकची. "तिन्ही मिसळून मारा, सर. कोणतं तरी लागू पडंलच." भाच्याने फोनवरून पानाचा फोटो मागवला आणि मोबाइलला विचारलं. मोबाइलने चार रोग सांगितले आणि पाचवी शक्यता म्हणून झाड निरोगी असू शकेल असं कळवलं.

शेवटी आमच्याकडे दूध घालायला येणारे मामा. जवळच्या खेड्यातले, थोडी कोरडवाहू शेती असलेले. ते किटली खाली ठेवून एकदा गच्चीवर आले, म्हणाले, "गुरुजी, पान कामून बघायलाव? मूळ बघा की!" आणि निघून गेले.

एका झाडाला सहा निदानं! मला इतिहासाच्या मास्तरची खोड. कुठलाही प्रश्न पडला की तो आधी कुणाला पडला होता ते बघायचं. म्हणून मी पिवळ्या पानाचा इतिहास शोधायला बसलो. आणि सांगायला आनंद वाटतो, की आमच्या गल्लीतले सगळेच्या सगळे वैद्य मला तिथे भेटले. फक्त कपडे वेगळे होते.

सर्वांत आधी भेटले वराहमिहिर. सहाव्या शतकातला हा ज्योतिषी. त्याच्या बृहत्संहितेत ग्रहताऱ्यांच्या गर्दीत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. थंडी, वारा आणि ऊन यांनी झाडाला रोग होतो, असं तो सांगतो आणि लक्षणं देतो : पानं पांढुरकी-पिवळी पडतात, कोंब वाढत नाहीत, फांद्या सुकतात, रस गळतो. उपाय असा, की आधी शस्त्राने नासलेला भाग काढून टाकावा, मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा आणि दूध मिसळलेलं पाणी घालावं. हे मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. तूप-दुधाचा उल्लेख येताच सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "आधी माणसांना पुरू द्या!" पण विनोद बाजूला ठेवला तर एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नासलेला भाग आधी कापून टाका हा सल्ला दीड हजार वर्षांनंतरही कुठलाच बागाईतदार खोडून काढणार नाही.

त्यानंतर सुमारे इसवी सन १०००च्या आसपास सुरपाल नावाच्या वैद्याने 'वृक्षायुर्वेद' या नावाचा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्याने झाडालाही माणसासारखे वात, पित्त आणि कफ लावून दिले. पान पिवळं पडणं हे पित्ताचं लक्षण. म्हणजे आमच्या अवकाळीला पित्त झालं होतं, आणि हिंगोलीचा मे महिना बघता ते कुणालाही होईल. सुरपालाच्या औषधात कुणपजल नावाचं एक प्रकरण आहे. मांस, चरबी वगैरे उकळून आंबवलेलं ते द्रवखत. त्याचा वास कसा येत असेल याची कल्पना केली तरी रोगट झाडाने बरं व्हायचं मनावर घ्यावं! हा ग्रंथ आपल्या हातात कसा आला त्याची एक गोष्ट आहे. ती थोडी पुढे सांगतो, कारण तिच्यातलं मुख्य पात्र अजून यायचं आहे.

आता मला जरा लांब, आयर्लंडमध्ये जावं लागतंय, आणि तिथे हसू थोडा वेळ आवरतं घ्यावं लागेल. १८४५ साली तिथल्या बटाट्याच्या पानांवर काळे डाग दिसू लागले आणि बघता बघता शिवारंच्या शिवारं सडली. तेव्हाही वैद्य जमलेच. जॉन लिंडले हा त्या वेळचा मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ, बागकामाच्या एका वजनदार साप्ताहिकाचा संपादक. त्याचं म्हणणं, पाऊस फार झाला, बटाट्याने पाणी फार प्यायलं, त्याला एक प्रकारचा जलोदर झाला. कुणी म्हणालं हा देवाचा कोप. कुणी नव्यानेच सुरू झालेल्या आगगाडीकडे बोट दाखवलं; तिच्यामुळे हवेत वीज खेळते आणि पिकं करपतात म्हणे! माइल्स बर्कली नावाच्या एका पाद्रीबुवांना मात्र सूक्ष्मदर्शकातून बुरशी बघायचा नाद होता. त्यांनी १८४६ साली लिहिलं, की पानावर जी बुरशी दिसते तीच या रोगाचं कारण आहे. जाणकार हसले. त्यांच्या मते पान आधी सडतं आणि मग बुरशी येते. बर्कलींचं म्हणणं बरोबर होतं हे अँटोन डी बारी या जर्मन शास्त्रज्ञाने प्रयोगाने सिद्ध केलं तेव्हा १८६१ साल उजाडलं होतं. तोवर दहा लाखांच्या आसपास माणसं भुकेने आणि तापाने मेली होती, त्याहूनही जास्त देश सोडून गेली होती. यात राज्यकर्त्यांच्या निष्ठुरपणाचा वाटा मोठा होता, ते पानावर ढकलून चालणार नाही. पण पिवळ्या-काळ्या पानाचा इतिहास हा नुसता कुंडीवाल्यांच्या हौसेचा इतिहास नव्हे, हे मला तिथे कळलं. कुंडीतलं निदान चुकलं तर एक झाड जातं. शेतातलं चुकलं तर वर्ष जातं.

या बुरशीसारख्या जीवाला डी बारीने १८७६ साली नाव दिलं फायटोफ्थोरा, म्हणजे वनस्पतींचा संहार करणारा. हे नाव जरा लक्षात ठेवा.

बुरशीवरचं औषध सापडलं ते मात्र चोरांच्या कृपेने. फ्रान्समध्ये बोर्दोजवळ मेदोक भागात द्राक्षांचे मळे आहेत. रस्त्याकडेच्या ओळींतली द्राक्षं येणारे-जाणारे तोडून खायचे. त्यांना भीती वाटावी म्हणून मळेवाले त्या ओळींच्या पानांवर मोरचूद आणि चुना फासून ठेवत. हिरवं-निळं, विषारी दिसणारं ते पान पाहून चोर पुढे जात. १८८२ साली द्राक्षावर केवडा रोगाची साथ होती. अलेक्सी मियार्दे नावाचे प्राध्यापक त्या रस्त्याने गेले आणि त्यांना दिसलं, की आतल्या वेलींची पानं झडलीत, पण रस्त्याकडेच्या ओळी टवटवीत उभ्या आहेत. त्या रस्त्याने शेकडो लोक गेले असतील. काहींनी द्राक्षांकडे पाहिलं, काहींनी मालक दिसतोय का ते पाहिलं. पानांकडे या एका माणसाने पाहिलं. १८८५ साली त्यांनी मिश्रणाची कृती प्रसिद्ध केली, तेच आपलं बोर्डो मिश्रण. नाशिकचा द्राक्षवाला असो की नागपूरचा संत्रेवाला, आजही तो मोरचूद आणि चुना कालवतो, तेव्हा त्यात मेदोकच्या भुरट्या चोरांचा वाटा आहे.

पण प्रत्येक पिवळ्या पानामागे बुरशी किंवा कीडच असते असं नाही. कधी कधी झाड नुसतं उपाशी असतं. हे पहिल्यांदा दाखवलं एझेब ग्री या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने. १८४३-४४च्या सुमाराला त्याने पिवळ्या पडलेल्या पानांवर लोहाच्या क्षाराचं पाणी लावलं, आणि जिथे जिथे ते लागलं तिथे तिथे पान हिरवं झालं! पुढे त्याच्याच मुलाने सूक्ष्मदर्शकातून पाहून लोहाअभावी पानातले हरितकण कसे रोडावतात ते सांगितलं. बापाने औषध द्यावं आणि मुलाने ते का लागू पडलं ते सांगावं, असं घराणं विरळा. त्या काळात युरोपात फिकट पडलेल्या मुलींना लोहाच्या गोळ्या देत असत. आपल्याकडे वैद्य पांडुरोगावर नवायस लोह देतात. पिवळेपणा आणि लोखंड यांचं नातं माणसांच्या बाबतीत सगळ्यांना ठाऊक होतं. ते झाडाला लावून बघायला मात्र ग्री यावा लागला.

त्यापुढची गंमत अमेरिकेतली. तिथे पेकान नावाचं अक्रोडाच्या गोतातलं एक झाड आहे. त्याची पानं बारीक होऊन गुच्छासारखी व्हायची. १९३०च्या दशकाच्या आरंभी तिथल्या लोकांनी ग्रीचा धडा गिरवून लोहाचं पाणी दिलं. काही झाडं बरी झाली, काही झाली नाहीत. औषध तेच, झाड तेच, मग फरक कशाचा? शोधता शोधता लक्ष गेलं बादलीकडे. जिथे जस्ताचा मुलामा दिलेल्या भांड्यात औषध कालवलं होतं, तिथलीच झाडं सुधारली होती. म्हणजे झाडाला लोह नकोच होतं. त्याला हवं होतं जस्त, आणि ते बादलीने दिलं! औषध बदनाम आणि बादली धन्वंतरी.

आता येतं ते मुख्य पात्र. हिमालयाच्या पायथ्याशी तराईत पंतनगरला कृषी विद्यापीठ आहे, १९६० साली स्थापन झालेलं. त्या भागात धानाची पानं गंजल्यासारखी, काताच्या रंगाची व्हायची. खैराच्या लाकडापासून कात होतो, म्हणून शेतकरी त्या रोगाला 'खैरा' म्हणत. त्याचा छडा लावला यशवंत लक्ष्मण नेने यांनी. नाव वाचल्याबरोबर आपली कॉलर थोडी ताठ होते, ती होऊ द्यावी. नेने वनस्पतिरोगशास्त्रज्ञ, त्यांचं काम जंतू शोधणं. अशा माणसाला पानात कुठे तरी जंतू सापडतोच, कारण त्याची नोकरीच जंतूंवर चालते. पण नेन्यांनी १९६६ साली सांगितलं, की खैरा हा जंतूंचा रोगच नव्हे, ही जस्ताची उपासमार आहे. हेक्टरी पाच किलो झिंक सल्फेट, अडीच किलो चुना, भरपूर पाण्यात मिसळून फवारा. शेतं सावरली. डॉक्टरने रोग्याला तपासून "तुम्हाला औषध नको, जेवण हवं" असं सांगणं म्हणजे केवढी गोष्ट! असा डॉक्टर मला तरी अजून भेटलेला नाही.

पुढे नेने हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमध्ये गेले, तिथे तूर आणि हरभऱ्याच्या रोगांवर काम केलं. आणि मग, ज्या वयात लोक नातवंडं खेळवतात त्या वयात, त्यांनी जुन्या शेतीग्रंथांचा शोध घेण्यासाठी संस्था काढली. त्या सुरपालाच्या वृक्षायुर्वेदाची पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात पडून होती. तिची प्रत त्यांनी मिळवली आणि नलिनी साधले यांनी केलेलं तिचं इंग्रजी भाषांतर १९९६ साली प्रसिद्ध केलं. ज्या माणसाने पिवळ्या पानातून जंतू हद्दपार केला, त्यानेच हजार वर्षांपूर्वीचं वात-पित्त-कफ जपून आणलं. मला तर यात काही विरोध दिसत नाही. आधीच्या वैद्याने काय पाहिलं होतं ते त्याला बघायचं होतं, इतकंच.

एवढा इतिहास पचवल्यावर मी अवकाळीकडे नव्याने पाहिलं. पानाची अडचण अशी आहे, की त्याला बोलायला शब्द एकच : पिवळं होणं. उपाशी असलं तरी पिवळं, मुळाशी बुडत असलं तरी पिवळं, आणि नुसतं म्हातारं झालं तरी पिवळंच. म्हणून ते काय बोलतंय यापेक्षा कोणतं पान बोलतंय ते आधी बघायचं. जुनी, खालची पानं सगळीकडून सारखी पिवळी पडली तर बहुधा नत्र कमी. नत्र हे आईसारखं. कमी पडलं की जुन्या पानातून उठून कोवळ्या पानाकडे जातं. उलट नवं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं तर लोह कमी. लोह हे सरकारी नोकरासारखं. एकदा एका पानात नेमणूक झाली की तिथून बदली घेत नाही. आमच्या चुनखडीच्या मातीत लोह असतं भरपूर, पण झाडाला उचलता येत नाही. बँकेत पैसे असावेत आणि सही जुळू नये, तसं. त्यावर हिराकशीची हलकी फवारणी किंवा बाजारात मिळतं ते चिलेटेड लोह. पानाची फक्त टोकं आणि कडा तपकिरी झाल्या असतील तर तो खारट पाण्याचा प्रताप. हे झाड मिठाला फार हळवं आहे आणि आमच्या बोअरचं पाणी असं, की चहाच्या पातेल्यावर रोज नवा थर चढवतं. आणि मधोमध पांढुरका-तपकिरी चट्टा, तोही पश्चिमेच्या अंगाला, म्हणजे ते सरळ ऊन.

राहिलं माना टाकणं. माती ओली असूनही पान तहानेल्यासारखं लोंबत असेल तर दुखणं मुळाशी. आणि इथे आपण लक्षात ठेवलेलं नाव पुन्हा भेटतं. १९२२ साली सुमात्रा बेटावर रँड्स नावाच्या शास्त्रज्ञाने दालचिनीच्या झाडाला मारणारा एक फायटोफ्थोरा ओळखला आणि त्याला दालचिनीचंच नाव दिलं. पुढे कळलं, की तोच या चुलतभावाच्याही जिवावर उठतो. साचलेल्या पाण्यात तो पोहत येतो आणि नाजूक मुळं कुजवतो. आज जगात सर्वांत जास्त विकला जाणारा ॲव्होकॅडो म्हणजे 'हास'. रुडॉल्फ हास या कॅलिफोर्नियातल्या पोस्टमनने १९२६च्या सुमारास लावलेल्या एका रोपाचा तो वंश. त्यावर केलेली कलमं जगेनात म्हणून तो ते झाड तोडणार होता. पण फळ मुलांना आवडलं म्हणून ठेवलं. १९३५ साली पेटंटही घेतलं. लोक एक रोप विकत घेत आणि त्यावरून शेकडो कलमं बांधत, त्यामुळे पोस्टमन पोस्टमनच राहिला. ते मूळ झाड २००२ साली गेलं. कशाने? या मूळकुजीनेच. मोठमोठ्या तज्ज्ञांनी दहा-बारा वर्षं उपचार केले होते.

दूधवाल्या मामांचं म्हणणं आठवून मी त्यांच्याच मदतीने कुंडी आडवी केली. तळाच्या भोकावर रोपवाटिकेने बसवलेलं प्लास्टिकचं पान तसंच होतं, आणि आत तहसीलदारसाहेबांच्या दोन महिन्यांच्या बादल्या शिल्लक होत्या. काळी, मऊ झालेली मुळं वराहमिहिराच्या सांगण्याप्रमाणे शस्त्राने काढली, तूप वगळलं. काळी माती झटकून वाळू, नारळाचा भुसा, कुजलेलं शेणखत आणि वर पालापाचोळ्याची गादी केली. पश्चिमेला आईचं जुनं लुगडं ताणून सावली केली. पावसाळा लागल्यावर पिंपात पावसाचं पाणी धरलं आणि एकदा ते भरपूर ओतून कुंडीतलं मीठ खालून वाहू दिलं. तहसीलदारसाहेबांना मातीत बोट घालून ओल बघायचं काम दिलं. ते आता रोज बोट घालतात आणि वहीत नोंद करतात.

जळकी पानं शेवटपर्यंत जळकीच राहिली. जुनं पान बरं होत नसतं. औषध लागू पडलं की नाही ते नव्या पानावरून कळतं, आणि त्याला दीड-दोन महिने थांबावं लागतं. हे थांबणं कुठल्याच बाटलीत मिळत नाही, म्हणून ते कुणी विकत नाही. श्रावणात चार पानं फुटली, तांबूस, मग हिरवी. आई म्हणाली, "दृष्ट उतरली." मी वाद घातला नाही.

त्याच श्रावणात एका सकाळी मामा दूध घालायला आले ते घाबरलेले. २०२३च्या खरिपात मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला होता, त्याची धास्ती अजून कुणाच्या मनातून गेलेली नाही. त्यांच्या हातातल्या पिशवीत तीन बाटल्या होत्या : किडीची, बुरशीची आणि टॉनिकची. माझ्या कुंडीत मूळ बघायला सांगणारा हा शहाणा माणूस, पण शेत स्वतःचं होतं आणि डोक्यावर सोसायटीचं कर्ज होतं. मी त्यांना हसलो नाही. म्हटलं, पानं आणलीत का? त्यांनी रुमाल सोडला.

पानं दोन तऱ्हेची होती. बरीचशी, पाणी साचलेल्या सखल पट्टीतली, शेंड्याकडची, पिवळी पण शिरा हिरव्यागार. थोडी वरच्या बांधाजवळची, त्यांच्यावर हिरव्या-पिवळ्याचे वेडेवाकडे ठिपके. मी सांगितलं, की ही पहिली पानं लोहाने उपाशी दिसतात. पाणी काढून द्या, वाफसा आला की बहुतेक आपोआप सावरतील. ही दुसरी मोझॅकची वाटतात. तो विषाणू, पांढरी माशी पसरवते, लागलेल्या झाडाला इलाज नाही. ती झाडं उपटून पुरून टाका, आजच. आणि माझ्यावर विसंबू नका, तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात दोन्ही पानं दाखवून या.

मामा दोन्ही हातांत दोन पानं धरून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "म्हणजे गुरुजी, या पानाला औषध हाय पण गरज नाई, आन् त्या पानाला गरज हाय पण औषध नाई."

इतकी पुस्तकं चाळली, पण हे एवढ्या थोडक्यात मला कुठे वाचायला मिळालं नव्हतं. "मग या बाटल्या?" मी विचारलं.

"झाकण उघडलं नाई अजून. घेतंय का वापस बघतो." त्यांनी दुधाचं माप घातलं, वर नेहमीपेक्षा जरा जास्तच धार सोडली आणि उन्हं चढायच्या आत झाडं उपटायला निघून गेले.